एनएफएलच्या कॉम्पिटिशन कमिटीला खुलं पत्र: फ्लॅग टाकता ना, मग कारणही सांगा

अमेरिकन फुटबॉलची लीग एनएफएल, तिचे नियमबदल सुचवणारी कॉम्पिटिशन कमिटी, आणि न्यूयॉर्कमध्ये बसून रिप्ले तपासणारं ऑफिशिएटिंग डिपार्टमेंट, आपणा सर्वांस सप्रेम नमस्कार.

आधीच सांगते, आमच्या टीमवर अन्याय झाला म्हणून हे पत्र लिहीत नाहीये. मी मूळची नाशिकची, आता बरीच वर्षं पिट्सबर्गला आहे, स्टीलर्सची फॅन आहे, पण मला जे म्हणायचंय ते ३२ च्या ३२ टीम्सच्या फॅन्सचं दुखणं आहे. नियम मोडला की पिवळा फ्लॅग पडतो, पांढऱ्या टोपीतले मुख्य रेफरी माइक ऑन करतात, "होल्डिंग, डिफेन्स, नंबर अमुक, पाच यार्ड, ऑटोमॅटिक फर्स्ट डाउन" एवढं बोलतात आणि माइक बंद. कोणी केलं, काय केलं, शिक्षा किती, सगळं कळलं. का, ते नाही कळलं. कुठे धरलं, बॉल सुटायच्या आधी की नंतर, त्या धरण्याने समोरच्याचं काय बिघडलं, यातलं एक अक्षर नाही. मग स्टेडियममधले सत्तर हजार लोक आणि घरी बसलेले आम्ही सगळे पुढची दहा मिनिटं एकमेकांना विचारत बसतो की अरे पण नक्की झालं काय.

बँक चेक परत पाठवते तेव्हा सोबत कारणाची चिठ्ठी असते. इथे अख्खा सीझन एका फ्लॅगवर फिरतो आणि चिठ्ठी नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कारण तुमच्याकडे असतंच. रेफरीच्या डोक्यात ते त्या क्षणी असतं, त्याशिवाय कोणी फ्लॅग टाकत नाही. फक्त ते आम्हाला त्या वेळी सांगितलं जात नाही.

१२ फेब्रुवारी २०२३ ची सुपर बोल, म्हणजे सीझनची फायनल, घ्या. ग्लेनडेल, अॅरिझोना, चीफ्स विरुद्ध ईगल्स, स्कोअर ३५-३५, घड्याळात १:५४ शिल्लक, चीफ्सचा थर्ड अँड ८, म्हणजे दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला (डाउन म्हणतात त्यांना) तिसरा आणि अजून ८ यार्ड बाकी. पास टाकणारा त्यांचा क्वार्टरबॅक महोम्स, त्याचा पास रिसिव्हर जुजू स्मिथ-शुस्टरच्या पुढे जाऊन पडला, म्हणजे चीफ्स आता फील्ड गोल, तीन पॉइंट्सची किक, मारणार आणि ईगल्सला जवळजवळ पावणेदोन मिनिटं मिळणार, असं वाटेपर्यंत फ्लॅग. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीवर डिफेन्सिव्ह होल्डिंग. यार्ड पाचच, पण ऑटोमॅटिक फर्स्ट डाउन, म्हणजे नवे चार प्रयत्न, म्हणजे चीफ्सना घड्याळ संपवत आणायची मुभा, आणि त्यांनी तेच केलं, शेवटच्या काही सेकंदांत किकर बटकरचा २७ यार्डांचा फील्ड गोल, ३८-३५, खेळ खल्लास. आमच्या हॉलमध्ये त्या दिवशी पाच-सहा मराठी कुटुंबं जमली होती, निम्मे ईगल्सवाले कारण फिलाडेल्फिया शेवटी आमच्याच राज्यात, आणि एकजात सगळ्यांचं मत की ही फुकटची पेनल्टी आहे, अशा वेळी अशी पेनल्टी देतात का कोणी. टीव्हीवर कॉमेंट्रीतही नाराजीच होती आणि सुरुवातीला जो अँगल दाखवला त्यात धड काही दिसत नव्हतं.

आता बघा नंतर काय झालं. मॅच संपल्यावर ब्रॅडबेरीने स्वतः पत्रकारांना सांगितलं की हो, होल्डिंगच होतं, मी जर्सी ओढली, रेफरी सोडून देतील अशी आशा होती. आणि रेफरी कार्ल शेफर्स यांनी पूल रिपोर्टरला, म्हणजे मॅचनंतर सगळ्या मीडियाच्या वतीने ज्या एकाला रेफरीकडे जाऊन प्रश्न विचारता येतात त्याला, सरळ सांगितलं की रिसिव्हर आधी आतल्या बाजूला गेला, मग बाहेर सुटायला लागला, त्या वेळी डिफेंडरने उजव्या हाताने त्याची जर्सी धरली आणि त्याला बाहेर जाऊ दिलं नाही. इतकं साधं. कोणालाही कळेल असं. बोलायला दहा सेकंद लागतात, आणि हे एक वाक्य माइकवर, १:५४ शिल्लक असताना बोललं गेलं असतं तर लोक रागावले असते हे खरं, पण त्यांना फसवल्यासारखं वाटलं नसतं. कारण होतं, बरोबर होतं, आणि ते लोक झोपायला गेल्यावर कागदावर आलं.

या पेनल्टीत लोकांचा इतका गोंधळ का होतो तेही सांगते, कारण दर रविवारी मला ते कोणाला ना कोणाला समजावून द्यावं लागतं. खेळी जिथून सुरू होते त्या लाइनपासून पहिल्या पाच यार्डांत डिफेंडर रिसिव्हरला हाताने धक्का देऊ शकतो, त्यापुढे नाही. धरायला कुठेच परवानगी नाही. बॉल क्वार्टरबॅकच्या हातात असताना धरलं तर होल्डिंग, ५ यार्ड. बॉल हवेत असताना अडवलं तर पास इंटरफिअरन्स, आणि तिथे मात्र बॉल थेट जिथे अडवलं त्या जागी नेऊन ठेवतात, मग ते ५ यार्ड असो की ५०. कॉलेज फुटबॉलमध्ये हीच पेनल्टी जास्तीत जास्त १५ यार्ड, म्हणजे मुलगा शनिवारी एक नियम बघतो आणि रविवारी दुसरा. पुन्हा बॉल पकडण्याच्या पलीकडे गेला असेल तर इंटरफिअरन्स नाही, पण होल्डिंग असू शकतं. दोघेही बॉलकडे बघत झेपावले आणि आपटले तर काहीच नाही. आणि रिसिव्हरनेच डिफेंडरला ढकललं तर ऑफेन्सिव्ह इंटरफिअरन्स, १० यार्ड मागे. या सगळ्यात निर्णय ठरतो तो एका सेकंदाच्या तुकड्यावर आणि हाताच्या जागेवर. मग घोषणेत नेमका तो सेकंद आणि तो हात का नसतो? "बॉल पोचायच्या आधी डावा हात ओढला." बस, एवढं पुरे.

माझे बाबा दर वर्षी हिवाळ्याच्या सुरुवातीला येतात. नाशिकला त्यांनी क्लबच्या मॅचेसना अंपायरिंग केलंय, त्यामुळे खेळ नवीन असला तरी त्यांची नजर पहिल्या दिवसापासून रेफरींवर. सातही जणांची कामं त्यांनी विचारून घेतली, कोण लाइन बघतो, कोण मागे उभा राहतो, हाताच्या खुणा पाठ केल्या, मनगट धरलं की होल्डिंग, दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवल्या की फॉल्स स्टार्ट, हात कमरेवर ठेवले की ऑफसाइड. पेनल्टी डिक्लाइन करण्याची भानगड तर त्यांना इतकी आवडली की विचारू नका, म्हणजे थर्ड अँड ८ ला ऑफेन्सने होल्डिंग केलं आणि पासही पडला तर डिफेन्स म्हणतो राहू दे तुमचे १० यार्ड, आम्हाला हा डाउन संपलेलाच बरा. पण एका गोष्टीवर ते दर वेळी अडतात. "अगं, हा माणूस खूण करतो, नंबर सांगतो, शिक्षा सांगतो, पण अपराध कुठे सांगतो? आणि आतमध्ये फोनवर कोणाशी बोलला ते आपल्याला का ऐकवत नाहीत?"

बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे, कारण ते आयुष्यभर क्रिकेट बघत आलेत आणि क्रिकेटमध्ये आता थर्ड अंपायर बोलतो ते घरबसल्या ऐकू येतं. फ्रंट फूट बघा, ठीक आहे, अल्ट्राएज लावा, बॅट आणि बॉलमध्ये गॅप दिसतेय, आता बॉल ट्रॅकिंग, मग तीन ओळी स्क्रीनवर, बॉल कुठे पडला, इम्पॅक्ट कुठे, स्टंपला लागतोय का. निर्णय आपल्याविरुद्ध गेला तरी तो कोणत्या पायऱ्या चढून आला ते दिसतं. रग्बीतही रेफरी आणि व्हिडिओवाला यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू येतं. तुम्ही २०२५ पासून फर्स्ट डाउन मोजायला साखळीऐवजी हॉक-आय आणलंत, तेच हॉक-आय जे आम्ही क्रिकेटमध्ये कधीपासून बघतोय, आणि ते छान केलंत. कॅमेरे घेतलेत तसा मोकळेपणाही घ्या ना.

आता आमच्या पिट्सबर्गचंच एक सांगते, कारण ते मी स्टेडियममध्ये बसून पाहिलंय. १७ डिसेंबर २०१७, पेट्रियट्स आलेले, आम्ही २७-२४ ने मागे, अर्ध्या मिनिटाच्या आसपास शिल्लक. जुजू स्मिथ-शुस्टर, तेव्हा तो आमचा होता, बॉल घेऊन ६९ यार्ड पळत दहाच्या लाइनपर्यंत गेला होता आणि पुढच्याच पासवर टाइट एंड जेसी जेम्सने गोल लाइनच्या जरा अलीकडे बॉल पकडला, गुडघा टेकला, कोणी हात लावला नव्हता, तो वळला, दोन्ही हातांनी बॉल पुढे करून रेषेपलीकडे नेला. टचडाउन. रेफरींचे हात वर. माझ्या शेजारचे आजोबा, ज्यांचं नावही मला माहीत नाही, त्यांनी मला मिठी मारली.

मग रिप्ले. मोठ्या स्क्रीनवर तोच तुकडा परत परत, बॉल जमिनीला टेकतो तेव्हा हातात किंचित फिरतो, एवढंच. न्यूयॉर्कशी बोलणं चालू, आम्हाला काही ऐकू येत नाही, थंडीत उभे आहोत. आणि मग निर्णय, इनकम्प्लीट, म्हणजे कॅच धरलाच नाही. कारण म्हणून जे सांगितलं ते इतकंच की रिसिव्हर जमिनीवर पडत होता आणि पडताना बॉलवरचा ताबा टिकला नाही. पण मग तो वळला त्याचं काय, बॉल पुढे नेला त्याचं काय, त्या क्षणी तो कॅच पूर्ण केलेला खेळाडू होता की अजून पडणारा खेळाडू होता? सगळा प्रश्न त्या एका गोष्टीचा होता आणि तिच्याबद्दल कोणी काही बोललं नाही. दोन खेळींनंतर आमचा क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर, त्याचा पास एंड झोनमध्ये पेट्रियट्सनी इंटरसेप्ट केला आणि मॅच गेली. परत जाताना पुलावर हजारो माणसं होती आणि प्रत्येक घोळक्यात एकच विषय, कॅच म्हणजे काय.

खरं सांगायचं तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो निर्णय बरोबर होता. आज मला ते समजतं. तेव्हाचा नियम म्हणत होता की पडता पडता पकडलात तर जमिनीवर पोचल्यावरही बॉल घट्ट राहिला पाहिजे, मधे कितीही हातपाय हलवा. याच नियमाने २०१० मध्ये शिकागोला कॅल्विन जॉन्सनचा टचडाउन गेला होता, लायन्स १९-१४ ने हरले होते, आणि जानेवारी २०१५ मध्ये ग्रीन बेला डेझ ब्रायंटचा फोर्थ अँड २ वरचा कॅच गेला होता. म्हणजे सात वर्षं तोच घोळ, तेच दुःख, फक्त शहर वेगळं. शेवटी मार्च २०१८ मध्ये तुम्ही नियम बदललात, ३२ विरुद्ध ० मतांनी. आता ताबा, दोन पाय किंवा शरीराचा दुसरा भाग आत, आणि मग एखादी खेळाची हालचाल, तिसरं पाऊल टाकणं किंवा बॉल पुढे नेणं, किंवा तसं करण्याइतका वेळ. नवीन नियमात जेसी जेम्सचा टचडाउन धरला गेला असता. एकही टीम विरोधात नव्हती, मग सात वर्षं का लागली? मला वाटतं, एक कारण हे की प्रत्येक वेळी निर्णयामागचा विचार मैदानात मोठ्याने बोलला गेला असता, तर त्या नियमात कुठे खोट आहे ते २०१० मध्येच सगळ्या देशाला ऐकू आलं असतं.

आणि नियम बदलणं हा प्रत्येक गोष्टीवर इलाज नाही, हे तुम्हीच अनुभवलंय. जानेवारी २०१९, न्यू ऑर्लिन्स, एनएफसी चॅम्पियनशिप, म्हणजे सुपर बोलला कोण जाणार ते ठरवणारी मॅच, सेंट्स विरुद्ध रॅम्स, २०-२०, घड्याळात १:४९. रॅम्सच्या रोबी-कोलमनने बॉल यायच्या कितीतरी आधी सेंट्सच्या टॉमीली लुइसला उडवला आणि फ्लॅगच नाही. तुमच्याच ऑफिसने नंतर सेंट्सच्या कोचला फोनवर चूक मान्य केली. रॅम्स ओव्हरटाइममध्ये २६-२३ ने जिंकून सुपर बोलला गेले. मग तुम्ही २०१९ च्या सीझनला पास इंटरफिअरन्सचा रिव्ह्यू सुरू केलात, कोच रिव्ह्यू मागायला लाल फ्लॅग टाकायचे आणि जवळजवळ दर वेळी उत्तर यायचं की मूळ निर्णय कायम. का कायम, किती स्पष्ट दिसलं तर बदलणार, याचा अंदाज कोणालाच येईना, कोचेसनाही नाही. वर्षभरात तो प्रयोग गुंडाळला. कल्पना वाईट होती असं मी म्हणणार नाही. कारण न सांगता रिव्ह्यू केले, म्हणून लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही.

डेट्रॉइट-डॅलसची ३० डिसेंबर २०२३ ची मॅच तर याहून अवघड, कारण तिथे वाद नियमाचा नव्हताच, कोण काय म्हणालं याचा होता. लायन्सनी २३ सेकंद शिल्लक असताना टचडाउन केला, तरी २०-१९ ने मागेच, आणि बरोबरीसाठी किक न मारता जिंकायला दोन पॉइंट्सचा प्रयत्न केला. नियम असा की ५० ते ७९ नंबरवाले लाइनमन पास पकडू शकत नाहीत, पकडायचा असेल तर आधी रेफरीकडे जाऊन सांगावं लागतं, आणि रेफरी ते समोरच्या टीमला आणि स्टेडियमला जाहीर करतात. ६८ नंबरचा टेलर डेकर रेफरींच्या दिशेने गेला, ७० नंबरचा डॅन स्किपर बाजूने पळत आला, रेफरींनी जाहीर केलं ७० नंबर. पास डेकरने पकडला. फ्लॅग, इललीगल टचिंग. लायन्स म्हणतात आमच्या ६८ ने सांगितलं होतं, रेफरी म्हणतात ७० ने सांगितलं. पुढच्या प्रयत्नात डॅलसने ऑफसाइड केलं, तिसरा प्रयत्न फसला, २०-१९ वरच मॅच संपली. रेफरींच्या अंगावर माइक असतोच ना? खेळाडू येऊन काय बोलला ते ऐकू आलं असतं तर हा वाद पाच सेकंदांत मिटला असता, कोणाच्याही बाजूने. डेट्रॉइटवाले आजही त्यावरून तावातावाने बोलतात, आणि त्यांना दोष देता येत नाही.

मग आम्हाला कारणं मिळतात कुठून? टीव्ही चॅनलकडून. फॉक्सने माइक परेराला घेतलं, सीबीएसने जीन स्टेराटोरला, एनबीसीने टेरी मॅकॉलेला, सगळे तुमचेच जुने लोक. स्टेराटोर तर आमच्या पश्चिम पेनसिल्व्हेनियाचे, आणि वर जे कॅल्विन जॉन्सन आणि डेझ ब्रायंट सांगितले त्या दोन्ही मॅचेसचे रेफरी तेच होते. आता ते स्टुडिओत बसून किती छान समजावतात, गुडघा आधी टेकला, बॉल नंतर सुटला, म्हणून असं. तीच माणसं मैदानावर असताना त्यांना चार शब्दांवर थांबावं लागत होतं. आणि यातला धोका असा की चॅनलवाला तज्ज्ञ कधी कधी म्हणतो की निर्णय उलटेल आणि तो उलटत नाही. मग प्रेक्षकाने कोणाचं ऐकायचं? लीगचं मत लीगच्या तोंडून आलं पाहिजे, भाड्याच्या आवाजातून नाही.

रेफरी सविस्तर बोलले तर लोकांना आवडत नाही, असं कोणी तुमच्यापैकी म्हणत असेल तर एड होक्युली आठवा. पेशाने वकील, २०१७ च्या सीझननंतर रिटायर झाले. लांबलचक समजावून सांगायचे, आणि लोक त्यासाठी थांबायचे. २००८ मध्ये डेन्व्हरला त्यांच्याकडून मोठी चूक झाली, डेन्व्हरचा क्वार्टरबॅक कटलर, त्याच्या हातून बॉल निसटला होता आणि त्यांनी पास समजून शिट्टी वाजवली, चार्जर्स ३९-३८ ने हरले. नंतर त्यांनी चूक उघड मान्य केली, चिडलेल्या फॅन्सच्या ईमेल्सना उत्तरं लिहिली. आज लोक त्यांचं नाव आदराने घेतात, ती चूक माहीत असूनही.

वेळेचा मुद्दा येणार हे मला ठाऊक आहे. तीन तासांची मॅच, त्यात जाहिराती. पण फ्लॅग पडल्यावर रेफरी एकत्र जमतात, बोलतात, चालत येतात, त्यात दहा सेकंद वाढले तर काही बिघडत नाही. आणि प्रत्येक फ्लॅगला नकोच. फॉल्स स्टार्टला काय कारण सांगायचं, सगळ्यांना दिसतं. डिले ऑफ गेमला काय. ज्या पेनल्टीज नजरेवर आणि अंदाजावर अवलंबून आहेत त्यांनाच हवं: होल्डिंग, दोन्ही बाजूंचा इंटरफिअरन्स, रफिंग द पासर, अननेसेसरी रफनेस. रफिंगचं तर फारच गरजेचं आहे, कारण डोक्याला लागलं म्हणून, गुडघ्याच्या खाली म्हणून, की अंगाचं सगळं वजन क्वार्टरबॅकवर टाकलं म्हणून, यातलं काहीच सांगत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका दिवशी ग्रेडी जॅरेटने क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीला पाडलं त्यावर फ्लॅग आणि दुसऱ्या दिवशी ख्रिस जोन्सने क्वार्टरबॅक डेरेक कारकडून बॉल काढून घेतला त्यावरही फ्लॅग, आणि डिफेन्सची पोरं विचारत होती की आम्ही पाडायचं तरी कसं. त्यांचं बरोबर होतं. ज्याला शिक्षा झाली त्यालाच कारण माहीत नाही, तो सुधारणार काय?

अजून एक गोष्ट आहे आणि ती गंभीर आहे. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने बेटिंगवरची केंद्रीय बंदी उठवल्यापासून आता राज्याराज्यांत फोनवर पैसे लावता येतात, मॅचच्या मधल्या जाहिराती बघा. ज्याचे पैसे गेले त्याला प्रत्येक न सांगितलेल्या कारणामागे कट दिसतो. माझ्या मुलाच्या हायस्कूलमधली मुलं सहज म्हणतात की सगळं ठरवलेलं असतं. मला ते ऐकवत नाही, कारण मी हा खेळ मनापासून बघते आणि त्या सात जणांवर माझा विश्वास आहे, त्यातले बहुतेक जण आठवडाभर दुसरी नोकरी-धंदा करून वीकेंडला मैदानात उतरतात आणि लाखो लोकांच्या शिव्या खातात. त्यांना तुम्ही बोलू देत नाही, म्हणून त्यांच्या वतीने अफवा बोलतात.

आमच्या पिट्सबर्गच्या विमानतळावर फ्रँको हॅरिसचा पुतळा आहे, वाकून बुटाजवळचा बॉल उचलताना. २३ डिसेंबर १९७२, रेडर्सविरुद्धची प्लेऑफ मॅच, १३-७. आमचा पास कोणाला तरी लागून उडाला आणि हॅरिसने तो जमिनीला टेकायच्या आत पकडून टचडाउन केला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे बॉल आपल्याच दोन खेळाडूंना लागोपाठ लागला असता तर कॅच रद्द. मधे रेडर्सच्या टेटमचा हात लागला की नाही हाच सगळा प्रश्न होता. रेफरी फ्रेड स्वेअरिंजन डगआउटमध्ये गेले आणि तिथल्या फोनवरून प्रेस बॉक्समधल्या आर्ट मॅकनॅली यांच्याशी बोलले, मग बाहेर येऊन हात वर केले. फोनवर काय बोलणं झालं यावर रेडर्सवाले पन्नास वर्षं वाद घालत राहिले. आज न्यूयॉर्कमधल्या ज्या सेंटरमधून रिप्लेचे निर्णय होतात त्याला त्याच आर्ट मॅकनॅलींचं नाव आहे. तो नियम १९७८ मध्ये गेला, फोन गेला, हेडसेट आले, कॅमेरे शेकड्यांनी आले. बोलणं मात्र अजूनही फक्त आतल्या आत.

तेव्हा माझ्या मागण्या सरळ आहेत. नजरेवर अवलंबून असलेल्या पेनल्टीला रेफरींनी माइकवर एक वाक्य जास्त बोलावं, कधी आणि कशाने. रिप्ले चालू असताना मैदान आणि न्यूयॉर्क यांच्यातलं बोलणं टीव्हीवर आणि स्टेडियममध्ये ऐकवावं. हे अशक्य नाही, छोट्या लीग्जनी करून दाखवलंय, २०१९ मध्ये एएएफने केलं, २०२० मध्ये एक्सएफएलने केलं, आता यूएफएल करतंय, तुमच्यापेक्षा कितीतरी कमी पैशांत. आणि पूल रिपोर्टरला दिलेली उत्तरं रात्री उशिरा कुठेतरी कोपऱ्यात टाकण्याऐवजी त्या खेळीच्या व्हिडिओसोबत लीगच्या साइटवर लावावी, म्हणजे सोमवारी शाळेत मुलं भांडतील तेव्हा निदान काय झालं ते बघून भांडतील.

लगेच सगळीकडे नको असेल तर ऑगस्टच्या प्रीसीझनला करून बघा. तिथे निकालाला किंमत नसते, रेफरींनाही सराव होईल, काय जमतंय काय नाही ते तुम्हालाही कळेल. बाबा या वर्षी जुलैच्या शेवटी येणार आहेत, म्हणजे प्रीसीझनही बघतील. त्यांना मी सांगितलंय की कमिटीला लिहितेय, तर म्हणाले, "लिही, आणि त्यांना सांग की अंपायरला बोलायला लाज वाटायचं कारण नाही, निर्णय दिलाय ना त्याने, मग कारणही त्याचंच आहे."

कळावे,
आपली,
स्टीलर्सची एक फॅन, पिट्सबर्ग